काचबिंदूचं ऑपरेशन : सोलापूर आणि आसपासच्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी रुग्णाशी आणि घरच्यांशी बसून बोलणं, सगळं नीट समजावून सांगणं हे माझं काम. रोज जे प्रश्न येतात तेच इथे घेतलेत, शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत. तुमच्या डोळ्याचा निर्णय तो डोळा तपासणारे डॉक्टरच घेतील. त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं ते आधी ठाऊक असावं, म्हणून हे पान.

ऑपरेशन केलं की गेलेली नजर परत येईल ना?

नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण बहुतेकांच्या मनात मोतीबिंदू असतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदललं की दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागतात. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच सुकत जाते. सुकलेली नस पुन्हा जिवंत करणारं औषध किंवा ऑपरेशन आज जगात कुठेही नाही. काचबिंदूचं ऑपरेशन डोळ्याचा दाब उतरवतं, तेही उरलेली नजर टिकावी म्हणून.

म्हणूनच "अजून तर चांगलं दिसतंय, मग ऑपरेशन कशाला?" या प्रश्नाचं उत्तर उलटं आहे. चांगलं दिसतंय तोवरच राखण्यासारखं काही हातात असतं. काचबिंदूत समोरची नजर शेवटपर्यंत टिकते आणि कडेची आधी जाते. उंबऱ्याला ठेच लागायला लागते, बाजूने आलेली रिक्षा एकदम अंगावर आल्यासारखी वाटते, आणि माणूस म्हणतो, वय झालं.

डोळ्याचा दाब म्हणजे बीपीच ना?

नाही, दोन्ही वेगळे. बीपी नॉर्मल असलेल्याच्या डोळ्याचा दाब ३५ असू शकतो. डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर पडतं. अश्रूंशी त्याचा काही संबंध नाही. मोरीची जाळी तुंबली आणि वरचा नळ चालूच राहिला तर जे होतं, तेच डोळ्यात होतं. साधारण १० ते २१ मिलिमीटर हा नेहमीचा दाब मानतात, पण काहींची नस १६ वरसुद्धा सुकते. म्हणून प्रत्येक डोळ्यासाठी डॉक्टर वेगळा आकडा ठरवतात. तुमचा आकडा कोणता, हे त्यांना विचारा आणि फाईलवर लिहून घ्या.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच का?

मुळीच नाही. बहुतेकांचं थेंबांवर किंवा लेसरवर भागतं. जाळी उघडी आहे पण नीट वाहत नाही, अशा डोळ्याला एसएलटी नावाचं लेसर देतात. पाच-दहा मिनिटांचं काम, पट्टी नाही, त्याच दिवशी घरी. २०१९ साली इंग्लंडमधल्या 'लाइट' नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात सुरुवातीलाच हे लेसर दिलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश डोळ्यांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडलेली नव्हती. ज्यांच्या डोळ्यात जाळीकडे जाणारी वाटच अरुंद असते त्यांना वेगळं लेसर लागतं. त्यात बुबुळामागच्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडतात. आपल्याकडे हा प्रकार बराच आढळतो.

ऑपरेशनची वेळ येते ती तीन-चार प्रकारचे थेंब घालूनही दाब ठरल्या आकड्यावर येत नाही तेव्हा, किंवा फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे कडेची नजर मोजणाऱ्या तपासणीत, नजर घटत चाललेली दिसते तेव्हा. तिसरं कारण पुस्तकात कमी आणि आमच्याकडे जास्त दिसतं: थेंब वेळेवर पडतच नाहीत. हात थरथरतात, घालून द्यायला घरी कुणी नसतं, दर महिन्याचा खर्च झेपत नाही. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. थेंब चुकतात हे कळलं नाही तर तुमच्या वाट्याला आणखी एक बाटली येईल, आणि तीही चुकेल.

ऑपरेशनं कोणकोणती असतात?

सगळ्यात जास्त अनुभव ज्याचा आहे ते ट्रॅबेक्युलेक्टॉमी, दवाखान्यातल्या बोलण्यात 'ट्रॅब'. १९६८ पासून हे होत आलंय. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक छोटी झडप करतात. आतलं पाणी तिथून झिरपून वरच्या पातळ त्वचेखाली जमतं आणि रक्तात शोषलं जातं. तिथे एक फुगवटा दिसतो, त्याला ब्लेब म्हणतात. शरीर कुठलीही जखम भरून काढायला धावतं आणि इथे तर जखम पूर्ण भरायला नको असते, म्हणून ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन हे औषध काही मिनिटं लावतात. दाब खूप खाली आणायचा असेल तर आजही पहिलं नाव याचंच निघतं.

दुसरं ट्यूबचं ऑपरेशन. बारीक सिलिकॉनची नळी डोळ्यात सोडतात आणि तिची चकती डोळ्याच्या मागच्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशी बसवतात. अहमद व्हॉल्व्ह हे यातलं सर्वांत ओळखीचं नाव. मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेली 'आदी' ही भारतीय ट्यूब बरीच स्वस्त पडते. तिच्यात व्हॉल्व्ह नसतो, म्हणून नळी सुरुवातीला दोऱ्याने बांधून ठेवतात आणि दाब उतरायला काही आठवडे जातात. तोपर्यंत थेंब चालू राहतात. 'ऑपरेशन होऊनही दाब तसाच' म्हणून घाबरू नका. आधी ट्रॅब करून बंद पडलेला डोळा, मार लागलेला डोळा, मधुमेहामुळे नको त्या रक्तवाहिन्या वाढलेला डोळा, अशांना ट्यूब सुचवतात.

दोन्हींपैकी कशाचीही कायमची खात्री कुणीच देणार नाही. आधी एखादं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांवरच्या एका मोठ्या अभ्यासात, पाच वर्षांनंतर ट्यूबची सुमारे ३० टक्के आणि ट्रॅबची सुमारे ४७ टक्के ऑपरेशनं अपयशी धरली गेली. म्हणजे ते सगळे डोळे गेले असा अर्थ नाही. दाब ठरल्या मर्यादेत राहिला नाही किंवा पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, म्हणून ती त्या गणतीत आली. हा आकडा मी मुद्दाम सांगते. 'एकदा केलं, सुटलो' असं समजून तपासणी सोडणारे लोक मला फार अस्वस्थ करतात.

तिसरा गट नव्या, छोट्या छेदाच्या ऑपरेशनांचा, ज्यांना मिग्ज म्हणतात. यात आयस्टेंटसारखी तांदळाच्या कणापेक्षाही लहान नळी जाळीत बसवतात किंवा जाळीच आतून उघडतात. जखम छोटी, बरं व्हायला वेळ कमी, पण दाबही बेताचाच उतरतो. सुरुवातीच्या किंवा मधल्या टप्प्यातल्या काचबिंदूला, बहुतेकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनबरोबर हे करतात. नस बरीच सुकलेली असेल तर याने भागत नाही.

याशिवाय पाणी तयार करणारा भाग लेसरने मंद करण्याची पद्धतही आहे. पूर्वी ती शेवटचा उपाय म्हणूनच ठेवत, आता थोडी आधीही वापरतात.

जे नवीन आणि महाग, तेच चांगलं ना?

सायपास नावाची एक छोटी नळी २०१६ साली अमेरिकेत मंजूर झाली. दोन वर्षांतच कंपनीने ती जगभरातून मागे घेतली, कारण मंजुरीआधीपासून चालू असलेल्या पाच वर्षांच्या तपासणीत बुबुळाच्या आतल्या पेशी जास्त घटलेल्या दिसल्या. नव्या गोष्टीला नाही म्हणा असं मी म्हणत नाही. "माझ्या डोळ्याला किती दाब हवा आणि याने तो तितका उतरेल का?" एवढं मात्र विचाराच.

मोतीबिंदूही आहे. दोन्ही एकदम होतील का?

होतात, आणि पुष्कळांचं तसंच करतात. वाट अरुंद असलेल्या डोळ्यात तर नुसतं जाडजूड झालेलं भिंग काढल्यानेही दाब उतरतो. दोन्ही एकत्र करायची की वेगवेगळी, हे नस किती सुकली आहे त्यावर ठरतं.

ऑपरेशनआधी काय तयारी करायची?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गोळ्यांची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. त्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवतात. शुगर आणि बीपी आटोक्यात हवं. डोळ्याचा दाब फार असेल तर काही दिवस एक गोळी देतात. तिने हातापायांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर ही गोळी सुरू करण्याआधीच सांगायला हवं.

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून घ्या, पुढे काही दिवस जमणार नाही. काजळ, सुरमा नको. सर्दी-खोकला, डोळ्याला चिकटा, दाताला पू असं काही असेल तर लपवू नका, तारीख पुढे ढकलता येते. आणि घरातलं एक माणूस पहिले पंधरा दिवस थेंबांसाठी ठरवून ठेवा. 'कुणीतरी घालेल' असं ठेवलं की कुणीच घालत नाही.

भूल पूर्ण देतात का?

मोठ्यांना बहुतेकदा फक्त डोळ्यापुरती. ऑपरेशन साधारण तासाभराचं. लहान मुलांना पूर्ण भूल लागते.

नंतर घरी काय सांभाळायचं?

ऑपरेशन थिएटरमध्ये अर्धं काम होतं, उरलेलं अर्धं पुढच्या दोन-तीन महिन्यांत घरी आणि तपासणीत होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढतात. नजर पहिले काही आठवडे ऑपरेशनआधीपेक्षाही अंधुक वाटू शकते. दाब एकदम उतरल्याने आणि टाक्यांमुळे असं होतं. चष्म्याचा नंबर दोन-तीन महिन्यांनीच काढतात, तोवर नवा चष्मा करू नका.

पहिला महिना दर आठवड्याला तपासणी असते. या भेटींमध्ये डॉक्टर नुसतं बघत नाहीत. टाका सैल करतात किंवा लेसरने तोडतात, फुगवटा बसायला लागला तर बाजूला इंजेक्शन देतात. या भेटी चुकल्या तर उत्तम झालेलं ऑपरेशनही बंद पडतं. करमाळ्याहून, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांचा दिवस मोडतो हे मला कळतं, तरी पहिल्या महिन्यात एकही भेट चुकवू नका.

वजन उचलणं, खाली वाकणं, जोर लावणं निदान महिनाभर बंद. सोलापुरात याचा एक खास अर्थ आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि त्या दिवशी घरातली बाई बसून राहूच शकत नाही. बादल्या भरायच्या, घागर कमरेवर घ्यायची, वाकून टाकी घासायची. मी सासू-सूनांना समोर बसवून पाण्याच्या दिवसाचं काम कोण करणार ते आधीच ठरवून घेते. भाकरी थापायला खाली बसून वाकणं, चुलीचा धूर, हेही तेवढे दिवस नको. बद्धकोष्ठ असेल तर औषध मागून घ्या, संडासला जोर लावू नये. झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावा. तोंड ओल्या कपड्याने पुसा, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. साठवलेलं पाणी तर अजिबात नको. मध, गुलाबपाणी, एरंडेल, कुणी काहीही सांगितलं तरी डोळ्यात घालायचं नाही.

शीर्षासन आणि सर्वांगासनाने डोळ्याचा दाब वाढतो. काचबिंदूच्या रुग्णाने ती कायमचीच सोडावीत. सनई, सुंदरी वाजवणाऱ्यांनी डॉक्टरांना तसं आवर्जून सांगावं, जोरात फुंकताना दाब चढतो.

थेंब घालायची बरोबर पद्धत कोणती?

हात साबणाने धुवा. मान मागे, नजर छताकडे. खालची पापणी बोटाने ओढून तयार झालेल्या खोलगट जागेत एकच थेंब सोडा, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. आता डोळा अलगद मिटा आणि नाकाशेजारच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दोन मिनिटं हलकं दाबून धरा. उघडझाप करू नका. या दाबण्याने औषध नाकातून घशात उतरत नाही, डोळ्यातच राहतं. दमा असलेल्यांना तर याचं फार महत्त्व आहे, कारण काचबिंदूच्या काही थेंबांनी दमा उसळतो. दमा असेल तर तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. दुसरा थेंब पाच मिनिटांनी.

ऑपरेशनच्या डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी असतात आणि हळूहळू कमी करत जातात. ते आपल्या मनाने थांबवायचे नाहीत, आणि डॉक्टरांनी थांबवल्यावर मेडिकलमधून पुन्हा आणायचेही नाहीत. स्टेरॉइडने स्वतःच दाब वाढतो. काही तरुण मुलांना काचबिंदू झाला तो डोळे खाजतात म्हणून वर्षानुवर्षं विकत आणलेल्या अशा थेंबांनीच.

आणि दुसऱ्या डोळ्याचे जुने थेंब चालू ठेवा. ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर जातो. लॅटॅनोप्रोस्ट या काचबिंदूच्या थेंबांची न उघडलेली बाटली बहुतेकदा फ्रिजमध्ये ठेवायची असते. उघडल्यावर उन्हापासून जपून साधारण सहा आठवडे वापरतात. पाकिटावरची सूचना वाचा, आणि बाटली गाडीच्या डिकीत विसरू नका.

कामावर कधी जाता येईल?

दुकानात, टेबलावर बसून काम असेल तर दोन-तीन आठवड्यांनी. यंत्रमागावर सुताचे तंतू उडतात, बिड्या वळताना तंबाखूची भुकटी हाताला असते आणि तोच हात डोळ्याला जातो. अशी कामं करणाऱ्यांनी महिना ते दीड महिना थांबावं, आणि नंतरही बाजूने बंद असलेला चष्मा वापरावा. गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारा. कडेची नजर किती उरली आहे त्यावर ते अवलंबून आहे, ऑपरेशन किती चांगलं झालं त्यावर नाही.

ट्रॅब झाल्यावर वारीला जाऊ का? चंद्रभागेत स्नान?

जखम नीट बसल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर वारीला जरूर जा. स्नान मात्र खांद्याखालीच. डोकं बुडवून डुबकी घेऊ नका, या वर्षी नाही आणि पुढेही नाही. फुगवट्यावरची त्वचा फार पातळ असते, तिथून जंतू आत जायचा धोका आयुष्यभर राहतो. विहिरीत पोहणं, डोळा चोळणं, हेही त्यातच आलं. डोळा लाल झाला, दुखायला लागला, चिकटा आला, नजर एकदम कमी झाली, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऑपरेशनला दहा वर्षं झाली असली तरी. रात्र निघेल, सकाळी बघू, असं करायचं नाही.

सोलापुरात करावं की पुण्या-हैदराबादला जावं?

ट्रॅब, लेसर, मोतीबिंदूसोबतचं ऑपरेशन यासाठी बहुतेकांना लांब जायची गरज नसते. शहरात काचबिंदूचं काम करणारे डॉक्टर आहेत, सिव्हिलमध्ये म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात नेत्रविभाग आहे. पुन्हा करावं लागणारं ऑपरेशन, गुंतागुंतीची ट्यूब, लहान बाळाचा डोळा, किंवा एकच डोळा शाबूत असणं अशा वेळी काचबिंदूचे स्वतंत्र विभाग असलेल्या मोठ्या संस्थेचं मत घ्यावं. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद, मदुराईची अरविंद, चेन्नईची शंकर नेत्रालय या नावाजलेल्या संस्था आहेत, आणि हैदराबाद-चेन्नईला इथून थेट गाड्या आहेत. पण जिथे ऑपरेशन, तिथे पहिला महिना राहायची सोय पाहा. नाहीतर इथल्या कोणत्या डॉक्टरांकडे पुढची तपासणी होणार, ते आधी ठरवून दोघांचं बोलणं करून द्या.

मुलगा अमेरिकेत आहे, तो म्हणतो इकडेच या. तिथे जास्त चांगलं होतं का?

ऑपरेशन तेच, ट्यूब त्याच. आपल्याकडच्या चांगल्या केंद्रांत ही ऑपरेशनं रोज होतात. काही मिग्ज नळ्या तिकडे लवकर मिळतात हे खरं, पण बहुतेकांना त्यांची गरज नसते.

खरा हिशोब पैशांचा आणि दिवसांचा. प्रवासी विमा आधीपासूनचे आजार सहसा धरत नाही, म्हणजे सगळा खर्च खिशातून. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यातही टुरिस्ट व्हिसावर गेलेल्याला असं ठरवून केलेलं ऑपरेशन फुकट मिळत नाही. शिवाय निदान तीन महिने तिथे राहावं लागेल, आणि परत आल्यावर ऑपरेशनची पूर्ण टिपणं, बसवलेल्या नळीचं कार्ड आणि दाबाचे सगळे आकडे सोबत हवेत. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर ते कार्ड दाखवावं लागतं. मुलाकडे राहूनच पुढचं आयुष्य काढायचं असेल, तर मात्र तिथे करणंच सोयीचं.

दुबई, मस्कतला कामाला असलेले काहीजण पंधरा दिवसांच्या सुटीत इथे येऊन ऑपरेशन उरकू पाहतात. पंधरा दिवसांत हे उरकत नाही. सुटी वाढवून घ्या, किंवा तोवर लेसर-थेंबांवर भागतंय का ते विचारा.

विमानाने प्रवास चालतो का?

काचबिंदूमुळे किंवा साध्या ट्रॅबमुळे विमानात डोळ्याचा दाब धोकादायक वाढत नाही. एक अपवाद पक्का लक्षात ठेवा: डोळ्यात गॅस भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) ऑपरेशनमध्ये असा गॅस भरतात. थेंब हातातल्या बॅगेत ठेवा, औषधाच्या चिठ्ठीसकट.

परदेशात स्टेम सेलने नस नवी करतात म्हणे?

या आशेवर जमीन विकायला निघालेल्या माणसांशी मी बोलले आहे. काचबिंदूने सुकलेली नस स्टेम सेलने, म्हणजे मूळ पेशींनी, बरी होते असं आजवर सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात एका क्लिनिकमध्ये डोळ्याच्या दुसऱ्या आजारासाठी स्टेम सेलची इंजेक्शनं घेतलेल्या तीन महिलांची नजर जवळजवळ गेली, हे २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. खरं संशोधन चालू असेल तिथे भाग घेणाऱ्याकडून लाखो रुपये सहसा मागत नाहीत. पैसे मागितले तिथेच थांबा.

खर्चाला मदत मिळते का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात माहिती द्यायला आरोग्यमित्र बसतात. तुमचं नेमकं ऑपरेशन यादीत आहे का आणि ट्यूबचा खर्च त्यात धरतात का, हे दाखल होण्याआधी त्यांना विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा.

बाळाचे डोळे मोठे, टपोरे आहेत. सगळे कौतुक करतात. काळजीचं काही?

टपोरे डोळे आणि जोडीला सतत पाणी, उजेडात डोळे मिटून घेणं, बुबुळ दुधाळ दिसणं असं असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. जन्मजात काचबिंदूला थेंब पुरत नाहीत, ऑपरेशनच लागतं, आणि ते जितकं लवकर तितकी नजर वाचते.

घरातल्या इतरांनीही तपासावं का?

हो. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर तुमचा धोका कित्येक पटींनी वाढतो. चाळिशीनंतर, आणि घरात आजार असेल तर त्याआधीच, डोळे पूर्ण तपासून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर काढून काचबिंदू कळत नाही. दाब, जाळीची वाट आणि नस या तिन्ही गोष्टी पाहायला हव्यात. तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, पुढचे तीन-चार तास जवळचं नीट दिसत नाही, तेव्हा स्वतः गाडी चालवत येऊ नका.